सोन्याच्या चकतीवरचा ठसा

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. अकोल्यात, जुन्या शहरातल्या तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी वर्गमैत्रिणी बसलोय आणि तुम्ही दोन पातेल्यांत उकळतं पाणी ओतताय, हे मला अजून दिसतं. एक पातेलं लखलखीत घासलेलं, दुसरं चुलीवर काजळलेलं. तळहात जवळ धरून कोणतं जास्त उष्णता फेकतं ते सांगायचं होतं. काळं, असं मी लगेच सांगितलं, कारणासकट. तिनं मात्र विचारलं, कोणती उष्णता बाहेर जाऊ द्यायची हे आपल्याला ठरवता येईल का. तुम्ही कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिलात. निघताना स्वतःचं भिंग तिला दिलंत, आणि माझं उतरलेलं तोंड पाहून म्हणालात, "तुले उत्तरं येतेत. तिले प्रश्न पडतेत."

ते वाक्य मनात घेऊनच मी अमरावतीला वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतेय. गेल्या महिन्यात ती आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आली. सोबत नखाएवढी चकती. वर सोन्याचा थर, आणि अर्ध्या भागावर केसाहून कितीतरी बारीक सोन्याचे चौकोन, इलेक्ट्रॉनच्या झोतानं आखून घडवलेले. चकती तापवली की साधं सोनं फारशी उष्णता बाहेर टाकत नाही. चौकोनांचा भाग टाकतो, तीही तिनं ठरवलेल्या तरंगलांबीचीच. त्यासाठी ती तीन वर्षं झटली होती. व्याख्यानाआधी डबी माझ्या हातात देऊन ती साडीवर सांडलेला चहा धुवायला गेली. मी झाकण उघडलं आणि चौकोनांवर अंगठा दाबला.

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पडद्यावर चित्र आलं, तर उजळ भागाच्या मधोमध काळपट डाग.  ती मुलांना म्हणाली की प्रवासात काही लागलं असेल, आणि तेलकटपणाचा नुसता लेप बसला तरी अशी रचना कशी बिघडते, हे त्या डागावरूनच समजावत गेली. मुलं पुढे सरकून ऐकत होती. माझ्या तासाला ती तशी कधी बसत नाहीत. आवरताना ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अंगठ्याचा ठसा हाय हा." कुणाचा, ते विचारलं नाही. चकती डबीत ठेवली आणि माझ्या आईची तब्येत विचारली.

खरं तर पत्र तिला लिहायला हवं. पत्ता माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही आता तिची बाजू घेणार नाही. हेही वहीतच राहील. सर, पडद्यावर डाग उमटला तेव्हा मला बरं वाटलं होतं.