सातची स्लाइड

३ नोव्हेंबर २०२५, केडगाव

जॉर्जचं पार्सल आलं. ऑर्डर मेलबर्नहून, माल भिवंडीहून, आणि दारात पोचेपर्यंत एक कोपरा चेपलेला. आत टीव्ही! म्हणजे टीव्ही नव्हे — टीव्हीचं सोंग. वीतभर उंची, लाकडाचा आव आणणारं प्लास्टिक, दोन गोल बटणं, डोक्यावर खोटी अँटेना. आत फोटो फिरतात. जॉर्जने तिकडून मोबाइलवरून सोडायचे, आम्ही इकडे बघायचे. फोटो बदलताना खट्ट होतं आणि क्षणभर पडद्यावर मुंग्या येतात.

मुंग्या! ज्या घालवायला मी केबलवाला म्हणून वीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर चढलो, त्या आता मुद्दाम भरून देतात.

फोनवर जॉर्ज: "रेट्रो आहे, दादा. जुनं बघून आईला आठवेल. डॉक्टरच म्हणतात." कुठले डॉक्टर, विचारलं नाही. लांबून सेवा करायची तर असलंच काहीतरी पाठवावं लागतं.

५ नोव्हेंबर

आईजवळ आता एकच माणूस शिल्लक आहे — मी. फेथला ती 'सिस्टर' म्हणते. तीस वर्षं बायको म्हणून या घरात वावरली ती, आणि आता दवाखान्यातून आलेली! जॉर्जचा फोटो आला की, "कुणाचं पोरगं हाय गं? गुटगुटीत हाय." मला मात्र पाठमोरी असली तरी चालीवरून ओळखते. "एबू, चपला फरफटू नको." पंचावन्न वर्षांच्या माणसाला!

फेथ म्हणाली, "तेवढं एक टिकलंय, अहो. जपा."

जपतोय. जपण्यासारखं दुसरं काही कमावलेलंही नाही.

६ नोव्हेंबर

आई टीव्हीकडे बोट करून, "आवाज वाढव की." म्हटलं, यांना बोलता येत नाही. "मग बरी माणसं हायेत," म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

घात झाला.

जॉर्जने जुना अल्बम स्कॅन करून सोडला. संध्याकाळी बरोबर सातला — खट्ट, मुंग्या, आणि मी. चौऱ्याण्णव सालचा, चोवीस वर्षांचा. मिशी स्वतःची, टाय उसना. पुण्याच्या पेपरच्या मुलाखतीसाठी काढलेला फोटो. तिथे म्हणाले होते, लेखन तिखट आहे, पत्राने कळवतो. आजतागायत कळवताहेत. मग मी केबलमध्ये शिरलो आणि दौंडच्या साप्ताहिकात 'टोचणी' लिहायला लागलो — आठवड्यातून एकदा जगावर सूड.

आई फोटोकडे बघत राहिली. मग हळूच डोक्यावर पदर घेतला.

"एबू गेला? आन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

मला आधी कळेचना. मग कळलं. आमच्या लोकल चॅनेलवर स्लाइडी मीच बनवायचो. सकाळी नऊला वाढदिवस, फुगे लावून. संध्याकाळी सातला भावपूर्ण श्रद्धांजली, काळ्या चौकटीत. अख्खं केडगाव हातातला घास थांबवून बघायचं, आज कोण. सात वाजता टीव्हीवर ज्याचा चेहरा हलत नाही तो मेला — हे आईला शिकवलं कुणी? मीच!

१० नोव्हेंबर

समोर जाऊन उभा राहिलो. "आई, मी एबू. हा काय!"

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही केबलला होता का त्याच्या बरुबर?"

तुम्ही! जन्मात पहिल्यांदा.

"बसा. सिस्टर, पाव्हण्यांना च्या टाका."

फेथ ओट्याकडे तोंड करून रडत होती. मी चहा प्यायलो. पाहुण्याने दुसरं काय करायचं!

१२ नोव्हेंबर

जॉर्जला तो फोटो काढून टाकायला लावला. सातला तो आला नाही तशी आई घाबरीघुबरी — "आजून माती द्यायची राहिलीय. कुठं नेला त्याला?" परत टाकायला लावला, रोज सातच्याच ठोक्याला. जॉर्ज म्हणतो, "पण दादा, ती रोज बघते ना? मग उपयोग होतोय." फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर

नऊ वर्षांनी स्लाइड बनवली. माझा आजचा फोटो, टकलासकट. चारी बाजूंनी फुगे. 'चि. एबनेझर यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' सकाळी नऊच्या ठोक्याला जॉर्जकडून लावून घेतली. आपल्याच चॅनेलचा नियम — नऊला दिसला तो जिवंत!

आईने फोटो बघितला, मला बघितलं. तोंड उजळलं.

"अगं बया, हे तर तुम्हीच! वाढदिस हाय?" माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जगा, बाबा. माझ्या एबूचं ऱ्हायलेलं आयुष्य देव तुम्हाला देवो."

टोचणीला इतकं जमलं नाही कधी.

१६ नोव्हेंबर

टोचणी दिली नाही. संपादकांना कळवलं, लेखक वारला.

१९ नोव्हेंबर

आता रोज सातला मी आईजवळ बसतो. फोटो येतो, ती त्याच्याबद्दल सांगते. मेलेला एबू फार गुणाचा होता. उलटून बोलला नाही कधी. मी ओळखतो त्याला — दिवसातून चारदा बोलायचा. पण दुखवट्यात कोण कुणाला खोडून काढतं? मान हलवतो.

२२ नोव्हेंबर

आज फोटो येऊन गेला. तिने माझा हात धरला.

"तुम्ही त्याचे दोस्त, म्हून सांगते. त्याला पुण्याच्या पेपरचं पत्र आलं हुतं. घेतला हुता त्याला. मी बंबात घातलं."

खट्ट. मुंग्या. जॉर्ज, समुद्राकाठी.

"धाकटा काय, उडणारंच पाखरू. म्हटलं, ह्यो एक तरी माझ्याजवळ ऱ्हावा." पदराची कड चाचपली. "त्याला कवा कळलं हुतं का हो?"

एकतीस वर्षं. गच्च्या, मुंग्या, काळ्या चौकटी.

"नाही," म्हणालो. "त्याला नाही कळलं."

"बरं झालं," म्हणाली. आणि शांत निजली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बंब पेटवत होतो. मागून हाक आली — "एबू, चपला फरफटू नको रं." तीच हाक, तोच आवाज!

मी ओ दिली नाही.