थंड भिंतीची रांग

३ जानेवारी
मास्तर २.१२. मी २.०८. परत तेच.
रोज सकाळी आपापल्या रांगेतले बॅटरीचे बारा सेल तपासायचे, सरासरी व्होल्ट फळ्यावर लिहायचे. फोरमन चहा पीत वाचतो. महिनाअखेर दोघांतला एकच कायम होणार. दुसरा घरी. घरी म्हणजे दादाच्या दुकानात, दादाच्या हाताखाली. नको.

५ जानेवारी
कँटीनवाली मावशी त्याला विचारते, "मास्तर, साखर पुरे ना?" आणि मला — "कप धुऊन ठेव."
डिप्लोमा झालाय म्हणून मास्तर. जेवतानाही जाडं पुस्तक. चष्मा पुसायचीसुद्धा ऐट.

८ जानेवारी
आज फोरमनला सांगूनच टाकलं. माझी रांग शीतगृहाच्या भिंतीला, त्याची कॉम्प्रेसरच्या गरम भिंतीला. गारठ्यात सेल चार्ज नीट घेतच नाही, माझा आकडा चढणार कुठून?
"मग काय सेलला स्वेटर विणू?" सगळे हसले.
मास्तर नाही हसला. म्हणाला, "बरोबर बोलतोय तो."
त्याची शिफारस मागितली होती कुणी? सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

११ जानेवारी
मास्तरच मागे बोलला होता — ॲसिड दाट तसा आकडा वर, पातळ झालं की खाली.
आज सेलमध्ये पाणी भरायचा दिवस. पाण्याऐवजी ॲसिड घातलं. बाराही सेलांत, थोडं थोडं. कुणी नव्हतं.

१२ जानेवारी
२.१३!
फोरमन कप हातात धरून थांबला. "लांब्या, काय जादू केलीस?"
मास्तरने फळा बघितला, मग मला. चष्मा काढून पुसत बसला. पूस म्हणावं.
आईला फोन केला. जवळजवळ झालंच म्हण, म्हटलं.

१४ जानेवारी
मास्तर जेवायला शेजारी येऊन बसला. हळूच म्हणतो, "आकडा वाढवलास, आयुष्य घटवलंस. आतल्या शिशाच्या प्लेटा खाल्ल्या जातील. जादा ॲसिड काढून टाक, मी येतो मदतीला."
तुझी रांग बघ तू, म्हटलं. पोटात दुखतंय त्याच्या, दुसरं काय.

१६ जानेवारी
काल सुट्टी होती माझी. आज येऊन बघतो तर मास्तर माझ्या शेवटच्या सेलवर वाकलेला! हातात रबरी पिचकारी, बादलीत काढलेलं ॲसिड, बाजूला पाण्याचा कॅन.
"अकरा झाले, हा शेवटचा," म्हणाला. जसं काही माझं अंथरूण घालून देतोय.
तडक फोरमनकडे गेलो. त्याने मास्तरला बोलावलं.
"याच्या सेलांना हात लावलास?"
"लावला."
"का?"
"यालाच विचारा."
दोघं माझ्याकडे बघत राहिले. मला काय माहीत, म्हटलं.
संध्याकाळी मास्तरने लॉकर रिकामा केला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

१८ जानेवारी
२.०८. आणि २.१२. दोन्ही आकडे आता माझ्या अक्षरात.
मावशी साखरेचं विचारत नाही. नको विचारू.

२३ जानेवारी
सेल कंपनीचा तपासनीस आला. फोरमन वरच्या ऑफिसात, मी एकटाच बरोबर. आकड्यांची वही चाळली, काचेतून प्लेटा बघितल्या. म्हणाला, "गार भिंतीला २.०८ ठीकच आहे. पण मध्ये चार दिवस इथे ॲसिड दाट झालेलं होतं. तसंच राहतं तर ही रांग लवकर गेली असती. कुणी ओळखून काढलं?"
"मी."
त्याने नाव विचारलं आणि अहवालात लिहिलं. अहवाल उद्या फोरमनच्या टेबलावर जाईल.