तिसऱ्या खणाच्या तळाशी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, जुन्या फर्निचरच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी परवाच तपासून तसा दाखला दिला. कुणाचं दडपण नाही. हे लिहू नको असंच घरच्यांनी सांगितलं असतं, म्हणून कुणाला विचारलेलं नाही. सर्वांची नावं आणि पत्ते वकिलांनी सोबतच्या यादीत घातले आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसंच लिहिते. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात एक खोटं होतं.

कलम १. राहतं घर माझ्या मुलाला. मागच्या खोलीचं छत गळतं हे त्याला मी सांगून पटलेलं नाही. घर त्याचं झालं की पटेल. बँकेतली शिल्लक निम्मी त्याला आणि निम्मी सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावावर. तिने बारा वर्षं माझी बोलणी ऐकून घेतली, त्याचं मोल यात होत नाही, पण माझ्याकडे आहे ते एवढंच.

कलम २. नवऱ्याचे पॉलिशचे ब्रश आणि लाखेच्या बरण्या दुकानातल्या कारागिराला. ब्रश घासून नवे करू नयेत, त्यांना माझ्या नवऱ्याच्या हाताचं वळण पडलं आहे. तो जाऊन नऊ वर्षं झाली. अजून सकाळी दोन कप काढले जातात आणि एक परत ठेवावा लागतो. माझी पुस्तकं वाचनालयाला. त्यांतली तीन मुळात त्यांचीच आहेत. समासात पेन्सिलीने बरंच लिहिलंय, दंड भरून टाकावा. समोरच्या चष्मेवाल्याने आमची शिडी नेलेली आहे, ती परत मागावी. तो आपलीच आहे म्हणेल.

कलम ३. लिहायचं मेज माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीला द्यावं.

हे वाचून मुलगा चिडेल. गेल्या वर्षी त्याने एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आणला होता. त्याने या मेजाला निम्म्या घराएवढी किंमत सांगितली. ती त्याने माझ्या शब्दावर सांगितली, आणि माझा शब्द खोटा होता. तो कसा, ते लिहिते.

बावीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरांचं घर रिकामं झालं, त्या सामानात हे मेज आमच्याकडे आलं. वर कुठे बनवणाऱ्याचा शिक्का नाही, नावाची पट्टी नाही. मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं वाचनालयातून आणून, शब्दकोश शेजारी ठेवून शिकले. नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या हिने पाहिलं की संपलं. मला ते फार आवडायचं. मी मेज उलटं करवून घेतलं. फळ्यांवर हातकरवतीचे सरळ ओरखडे होते, यंत्राचे गोल नव्हते. स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा मधोमध नव्हत्या, म्हणजे हाताने पाडलेल्या. लाकूड आत काळपट पडलेलं. दुकानात चौघे जण बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणाले, हे शंभर वर्षांच्या आतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरा खण पुसायला बाहेर काढला. तळाला पेन्सिलीने धाकट्या दिरांचं नाव होतं आणि खाली साल. मेज सव्वीस वर्षांचं होतं. मग उलगडा झाला: दीर सुतार, उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी ते पाडलेल्या घराच्या तुळयांतून केलेलं होतं आणि स्क्रू जुन्या दारांचे काढून वापरले होते. लाकूड म्हातारं होतं, मेज नव्हतं. मी दोघांचं वय एकच धरलं.

सांगून टाकलं असतं तर चार दिवस चेष्टा झाली असती, इतकंच. मी काचेचा तुकडा घेतला आणि नाव खरवडून काढलं. खालचं लाकूड पांढरं दिसू नये म्हणून चहाचं पाणी लावलं. नवऱ्याला सांगितलं नाही. त्याने ते मेज विकलंच नाही, दुकानाची शान म्हणून ठेवलं. तो गेला तोही ते शंभर वर्षांचं समजूनच.

दोनएक महिन्यांनी दीर दुकानात आले. मी गिऱ्हाइकाशी बोलत होते. ते सरळ मेजापाशी गेले, काही न विचारता तिसरा खण ओढून उलटा केला आणि तळावरून अंगठा फिरवला.

"वहिनी, इथे खरवडलंय."

मी म्हटलं, कीड लागली होती.

"काचेने काढलीत. हात चांगला आहे तुमचा."

गिऱ्हाइकाने त्यांना विचारलं, तुम्ही सुतार दिसता, किती जुनं असेल हो हे? दिरांनी खण जागेवर सरकवला.

"वहिनी सांगतात तेवढं," ते म्हणाले. चहा न घेता गेले.

पुन्हा दुकानात आले नाहीत. घरी मात्र पहिल्यासारखेच वागले, पहिल्यासारखंच वहिनी म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं. पुढे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात मालाचे खोके ठोकले.

ते गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, पुतणी आमच्याकडे जेवायला होती. म्हणाली, "काकू, बाबांना सुतारशाळेत मास्तरकी मिळत होती. स्वतःच्या नावाचं एक काम आणून दाखवा, असं शाळेवाले म्हणाले. एक वहिनीकडे आहे म्हणून आणायला गेले आणि हात हलवत परत आले. म्हणे, ते माझं नव्हतं."

मी 'असं होय' म्हटलं आणि तिच्या ताटात आणखी वाढलं.

मेजाबद्दल माझं शेवटचं मत असं: वय अठ्ठेचाळीस वर्षं. काम धाकट्या दिरांचं. पुरावा हवा असेल तर खणांचे सांधे पाहावेत. दीर डावरे होते, करवतीचा काप उलट्या बाजूला कलला आहे. पुतणीच्या स्वयंपाकघरात त्यांनी केलेलं स्टूल आहे, त्याच्याशी ताडून घ्यावं. व्यापाऱ्याला हे कलम वाचून दाखवावं. तो आकडा मागे घेईल, घेऊ दे. शंभर वर्षांचं म्हणून हे मेज कुणी विकू नये. पुतणीला विकायचं झालं तर तिच्या बाबांच्या नावाने विकावं. बाळा, राग माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

खरवडलेली जागा भरू नये. मी दोनदा पेन्सिल घेऊन बसले होते नाव परत लिहायला. पण अक्षर माझं झालं असतं. पुतणीचं अक्षर बाबांवर गेलं आहे. तिने लिहावं, किंवा लिहू नये. मला माफ करावं असं मी कलमात घालत नाही, ते मागून घ्यायची वस्तू नाही.

हे सगळं मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग त्यांच्यासमोर सही केली.

सही

साक्षीदार १ : वाचनालयातल्या बाई.
साक्षीदार २ : शेजारचे घड्याळवाले. त्या दिवशी दुकानात बसलेल्या चौघांपैकी हे एकच उरले आहेत, म्हणून मुद्दाम बोलावले. त्यांनी ऐकून चष्मा दोनदा पुसला आणि सही केली.

ठिकाण : दुकानामागची खोली, त्याच मेजावर, तिसरा खण काढून बाजूला उलटा ठेवला आहे.
तारीख : १४ जून २०२४, शुक्रवार, सकाळ.