शेवटच्या कडव्याला

प्रिय टिटवे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच फाडलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या नवऱ्याकडून लिहून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. सात वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. आता पाच मिनिटं माझं ऐकून घे, मग पुन्हा खुशाल अबोला धर.

इकडे सगळं रखडत चाललंय. कारखान्यात मी अजून कॉलरच शिवते. चष्म्याचा नंबर वाढलाय, सुई ओवायला शेजारणीच्या हातापाया पडावं लागतं. काल इस्त्रीच्या टेबलावरून वाफ आली आणि आई आठवली. दिवसभर लॉन्ड्रीत राबून आलेली आई घरी पुन्हा लोकांच्या चादरी इस्त्री करायची आणि आपण दोघी टेबलाखाली बसून तिच्यामागून धर्मग्रंथातली वचनं म्हणायचो. आधी शब्द, मग सूर, असा तिचा खाक्या. अर्थ विचारला की म्हणायची, आत्ता पाठ करा, अर्थ येईल त्याच्या पावलांनी. तू वरच्या पट्टीत किंचाळायचीस, म्हणून तर टिटवी. पण तुझा शब्द कधी चुकला नाही. मी मात्र सूर लागला की शब्द गिळायची. पोटभर जेवून झोपलो असे दिवस थोडेच, पण त्या टेबलाखाली आपण किती सुखात होतो गं!

पुढे प्रार्थनागृहात गायला मला उभं केलं. तिथे मी कॉलर शिवणारी बाई नसायची. पहिला सूर लागला की अंगावर काटा यायचा, गुडघे दुखायचे थांबायचे. खोटं कशाला सांगू, नवरा गेल्यावर मी त्या गाण्यावरच जगले.

आणि मग तुझी पोर गेली. चार वर्षांची. तीन दिवसांचा ताप काय येतो, होत्याचं नव्हतं काय होतं. मावशीनंच गावं असं तूच म्हणालीस, म्हणून अंत्यविधीला मी गायले. त्या एवढ्याशा शवपेटीपाशी तू मान खाली घालून बसली होतीस. शेवटच्या कडव्याला तू वर पाहिलंस. घरी आल्यावर स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणालीस, ताई, तू हसत होतीस. मी म्हटलं, वेडी आहेस का, मी रडत होते. आईनं माझी बाजू घेतली. दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. डॉक्टरकडे तुला मीच नेलं. गोळ्या सुरू झाल्या. आई जाईपर्यंत मला सांगत होती, धाकटीला सांभाळ, तिला भास होतात.

मंगळवारी तुझा नवरा कारखान्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, कुणी हसलं की तू अजून त्याला हळूच विचारतेस, हा खरंच हसतोय ना? मी तिथेच पायरीवर बसले. टिटवे, तुझे डोळे शाबूत आहेत. मी हसत होते. जो हात देतो तोच परत झेलतो, हे लहानपणापासून नुसतं घोकलेलं वचन त्या क्षणी मला लख्ख कळलं, आवाज कधी नव्हे इतका वर गेला आणि मला आनंद झाला. तुझं लेकरू समोर होतं आणि मला आनंद झाला. हे कबूल केलं असतं तर मला पुन्हा कुणी गाऊ दिलं नसतं. माझं गाणं टिकावं म्हणून मी तुला वेडी ठरवलं. रविवारी प्रार्थनागृहात उभी राहून मी हे सगळ्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडून गाण्यांची वही तेवढी मागून घेतली. तुझी क्षमा मागत नाही, कुठल्या तोंडानं मागू? हे पत्र डॉक्टरांना दाखव. आणि यापुढे कुणी हसलं तर नवऱ्याला विचारू नकोस. तुला दिसतं ते खरं असतं.

तुझीच,
ताई