भेटीस येणारे नातेवाईक

४ नोव्हेंबर, सोमवार

समितीवर घातलं मला! निवृत्तीला चौदा महिने उरलेत आणि आता सुधारणा करायच्या. साहेब म्हणाले, बाई, तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे — म्हणजे बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतलं. पकडलेल्या अल्पवयीन मुलांना आपण आधार काय देतो आणि काय द्यायला हवा, यावर अठरा तारखेला बैठक. माझ्या वाट्याला भेटींचं काम आलं. आमच्या मुलींच्या निरीक्षणगृहात सहा महिन्यांत कुणाला किती नातेवाईक भेटून गेले, ते काढायचं.

बत्तीस वर्षं मी मुलींच्या घरी जाऊन चौकशी करते आणि अहवाल लिहिते. घरी कोण, घर कसं, मुलीला परत घेतील का. आता माझ्याच अहवालांची तपासणी मीच करायची. करू.

५ नोव्हेंबर

एक्केचाळीस मुली. सतरा जणींना एकही भेट नाही. साहेब म्हणाले, घरच्यांनाच नको असतात हो या. मीही मान डोलावली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

गेटवरच्या रखवालदाराकडे भेटींची वही मागितली. त्याने दोन दिल्या. एक ऑफिसची — आत सोडलेल्यांची. दुसरी त्याची स्वतःची, दोनशे पानी, परत पाठवलेल्यांची. म्हटलं, ही ठेवायला कुणी सांगितलं? म्हणाला, "कुणी नाही. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?" सात वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

नियम असा की यादीत नाव असेल त्यालाच आत सोडायचं. यादी तयार होते आमच्या अहवालातल्या नवव्या रकान्यावरून — भेटीस येणारे नातेवाईक.

त्याच्या वहीत एकच नोंद पुन्हा पुन्हा. रविवार, सकाळी दहा, टाचणीची मावशी, परत पाठवली. मे महिन्यापासून पंचवीस वेळा.

टाचणी म्हणजे ती सोळा वर्षांची, हडकुळी. बोलली की टोचते, म्हणून मुलींनीच नाव पाडलंय. आई नाही. सावत्र बाप चोरलेले फोन तिच्या दप्तरातून पोचवायचा. ती सापडली, तो पळाला. तिचा अहवाल कुणी लिहिला होता, ते आठवेना. आठवेना असं म्हणते आहे. खरं तर फाइल बघायचा धीर झाला नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

फाइल काढली. अक्षर माझंच. रकाना नऊ: निरंक.

हे आमच्या ऑफिसातलं जुनं वळण. रकाना रिकामा राहिला की फाइल वरून परत येते, मग पुन्हा सगळी यातायात. म्हणून काही नसलं तरी निरंक, आणि माहीत नसलं तरी निरंकच. नव्याने आलेल्या प्रत्येकीला मीच शिकवलंय — अडलं की निरंक लिहायचं आणि पुढे चालायचं.

एप्रिलमध्ये सावत्र बापाच्या खोलीवर दोनदा गेले होते. दोन्ही वेळा दुपारी, दोन्ही वेळा कुलूप. दोन जिने चढून गुडघे धरले होते. तिसऱ्यांदा गेलेच नाही. पोरगी तेव्हा म्हणाली होती, मावशी आहे, कपडे शिवते. पण इथली प्रत्येक मुलगी पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी मावशी सांगते! निम्म्या वेळा ती शेजारीण निघते. मी साधा पत्तासुद्धा विचारला नाही.

दोन डिसेंबरला तिची सुनावणी आहे. घरी सोडायची की दोन वर्षांसाठी लांबच्या गृहात पाठवायची, हे बाल न्याय मंडळ ठरवणार. आणि मंडळ वाचणार माझाच अहवाल.

१० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असून ऑफिसात गेले. ह्यांना सांगितलं, आकडे राहिलेत. वरच्या खिडकीतून गेट दिसतं.

बरोबर दहाला आली. ठेंगणी, पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. रखवालदाराशी काही बोलली. तो मान हलवत राहिला. वाद घातला नाही, रडारड नाही. समोरच्या फुटपाथवर जाऊन अर्धा तास उभी राहिली, इमारतीच्या एकेका खिडकीकडे बघत. मी बाजूला झाले.

ती गेल्यावर खाली उतरले. रखवालदार म्हणाला, पोटात गाठ आहे तिच्या, वीस तारखेला ऑपरेशन. त्याआधी पोरीला एकदा बघू द्या म्हणते. यादीत नाव नाही तर मी तरी काय करू, बाई?

धावत गाठता आलं असतं. बस स्टॉप समोरच होता.

११ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, एका फाइलीत दुरुस्ती घातली की कारण लिहावं लागेल. तुम्ही काय लिहिणार? न विचारता लिहिलं? चौकशी लागेल, आणि या वयात पेन्शन अडकवून घ्याल. त्यापेक्षा अठराला बैठकीत नियमच बदलू. सगळ्या याद्या नव्याने होतील आणि त्यात तुमचंही आपोआप निस्तरेल. "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, बाई."

मला हायसं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. खरंच हायसं वाटलं.

१२ नोव्हेंबर

जेवताना ह्यांना सांगितलं. जन्मभर शाळेत पेपर तपासले ह्यांनी. म्हणाले, "अगं, एक ओळ खोडायची आणि खाली सही करायची. त्याला समिती कशाला?" मी म्हटलं, तुम्हाला ऑफिस कळत नाही. ताक माझ्याकडे न मागता स्वतःच वाढून घेतलं. नंतर ताटंही त्यांनीच उचलली — म्हणजे रागावलेत.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुरुस्तीचा कागद लिहिला. 'सदर रकाना चौकशी न करता भरला गेला.' खोडून 'मी चौकशी न करता भरला' असं केलं. सही केली. ड्रॉवरमध्ये ठेवला.

टाचणी जिन्यात भेटली. मी विचारलं, बरी आहेस ना? म्हणाली, "का? नवीन फॉर्म आलाय का?"

१७ नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. नणंद यायची होती. ती संध्याकाळी आली. सकाळ मोकळीच होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बैठक झाली. माझी टिपणं साहेबांनी वाचून दाखवली. सगळ्यांनी वाहवा केली, मलाही बोलायला लावलं. यापुढे नववा रकाना मुलीला विचारल्याशिवाय भरायचा नाही. तो तिनेच स्वतःच्या हाताने भरायचा. परत पाठवलेल्या माणसांची वही ऑफिसने ठेवायची. चौकशीला जाणाऱ्याने एक फेरी संध्याकाळी करायची, लोक कामावरून परतल्यावर. चांगले नियम आहेत. बत्तीस वर्षांत एवढं चांगलं काही माझ्या हातून झालं नव्हतं.

शेवटी ड्रॉवरमधला कागद साहेबांपुढे ठेवला. वाचायलाही थांबले नाहीत, सही केली. एक मिनिट लागलं. मावशीचं नाव यादीत आलं.

पण भेटीचा वार रविवार! येता रविवार चोवीस तारखेला, ऑपरेशन वीसला. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं लिहिणार होते. आलं होतं. अकरा तारखेलाच आलं होतं.

रखवालदार म्हणाला, काल ती स्वेटर देऊन गेली. यादीत नाव नसलेल्याची वस्तू घ्यायची नसते, तरी त्याने घेतली आणि खोलीत लपवून ठेवली. स्वतःची नोकरी पणाला लावून! नोकरी तरी केवढी त्याची.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

वाराव्यतिरिक्त भेट हवी तर मंडळाची सही लागते. मंडळ आता गुरुवारीच बसणार. फोन केले, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. गुरुवारी या म्हणाले.

संध्याकाळी रखवालदाराकडून पत्ता घेऊन मावशीच्या घरी गेले. तीन जिने. या वेळी चढले. कुलूप! शेजारीण म्हणाली, सकाळीच दवाखान्यात भरती झाली. खिडकीतून मशीन दिसत होतं, त्यावर जुनं धोतर टाकून झाकलेलं. दोन माणसं राहतील एवढी खोली. भिंतीलगत एक नवी गादी गुंडाळून ठेवलेली होती.

२० नोव्हेंबर, बुधवार

रजा टाकली. दवाखान्यात पोचले तेव्हा तिला आत न्यायची तयारी चालली होती. मी कोण ते सांगितलं. अहवाल मी लिहिला, तेही सांगणार होते, पण तिने माझा हात धरला आणि विचारलं, पोरगी माझ्यावर रागावली असेल ना, मी येत नाही म्हणून? मी म्हटलं, तुमचं नाव आता यादीत आलंय.

"म्हणजे रविवारी सोडतील आत?"

हो म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मावशी गेली. दुपारी शेजारणीचा फोन आला.

२४ नोव्हेंबर, रविवार

टाचणीला मीच सांगितलं. दुसरं कुणी सांगू नये असं वाटलं. भेटीच्या खोलीत बसवलं — सात महिन्यांत ती या खोलीत पहिल्यांदाच आली. मावशी गेल्याचं सांगितलं. मग सांगितलं, ती दर रविवारी यायची, तिला गेटवरून परत पाठवत होते.

तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग, "किती रविवार?"

"सत्तावीस."

"मला वाटलं, तिला माझी लाज वाटते."

मी म्हटलं, कागदात चूक झाली होती. तिने विचारलं, कुणाची? मी म्हटलं, ऑफिसची. इतकी वर्षं मुलींना म्हणत आले, खरं सांग, खरं सांगितलंस तर सुटशील. आणि माझ्या तोंडातून एवढंच निघालं.

स्वेटर दिला. तिने घड्या उलगडल्या आणि तिथेच अंगात घातला. बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. एप्रिलनंतर केवढी उंच झालीय, हे मावशीला कसं कळणार? मला रडू आलं. ती रडली नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सुनावणीसाठी नवा फॉर्म. आमच्या गृहातला पहिलाच, आणि आला टाचणीच्याच वाट्याला. साहेब फोटो काढायला उभे. तिच्या हातात पेन दिलं आणि नववा रकाना दाखवला. तिने खाली जोडलेला जुना अहवाल उचकला, माझी सही असलेलं पान काढलं आणि सावकाश वाचलं. मग नव्या फॉर्मवर, आखूड बाही मागे सारून, नीट अक्षरात लिहिलं — निरंक.

पेन मला परत देत म्हणाली, "आता बरोबर आहे, बाई."