एका नळीतल्या दोन जाती

बाई, परवा आपला तो शोधनिबंध छापून आला. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला नीट आठवत नाही. पण चूक सापडली की तुम्ही पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर दोनदा आपटायचात, ते मात्र अजून ऐकू येतं. निबंध हातात पडला तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच होते. मुलं प्रात्यक्षिक आटपून गेली होती, बेसिनमध्ये काचेच्या ताटल्या भिजत पडल्या होत्या. कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि कुणाला म्हणताना तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोर येईना. पत्र टाकायचं कुठं हा प्रश्न आहेच. पण लिहायला काय हरकत आहे?

तुमच्या वर्गात आले तेव्हा मी किती मुकी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. सोलापूरजवळ कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांच्या घरकुलात आमची दीड खोली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. वडील लवकर गेले, अम्मा मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. पहिल्या प्रात्यक्षिकाला तुम्ही तळ्यातल्या गोगलगाईचे शंख वाटलेत आणि म्हणालात, काढा. मी पुस्तक उघडलं आणि त्यातलं चित्र बघून झकास शंख काढला. तुम्ही वही उचललीत. "शेंडा वर धर, तोंड आपल्याकडे. तोंड कुठल्या बाजूला येतं?" मी म्हटलं, डाव्या. "आणि तू काढलंयस कुठल्या?" उजव्या. "मग हा शंख कुणाचा, तुझ्या हातातला की पुस्तकवाल्याचा?" सगळा वर्ग हसला. मी घरी जाईपर्यंत रडत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला व्हरांड्यात थांबवून म्हणालात, "रेघ चांगली आहे तुझी. नुसती खोटी आहे. शनिवारी दुपारी ये."

तो शनिवार मला लख्ख दिसतो. कॉलेज रिकामं, वर पंखा कुरकुरतोय, आणि तुम्ही कपाटातून एक काचेची नळी काढताय. तुमच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण किनाऱ्यावरच्या समुद्रविज्ञान संस्थेत होती. त्यांच्या जहाजानं खोल समुद्राच्या तळातून गाळ उपसला होता, त्यातला मूठभर तिनं तुम्हाला पाठवला होता. जिथं ऊन कधी पोचत नाही तिथला गाळ, आणि तो सोलापुरात, चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात, आपण बारीक चाळणीतून जपून धूत होतो. धुतल्यावर काळ्या कागदावर जे उरायचं ते मला सुरुवातीला रव्यासारखंच दिसायचं. तुम्ही सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवलात आणि रव्याचे शंख झाले. मोहरीहूनही लहान, दुधी काचेचे, आणि तरी पूर्ण. वेढ्यावर वेढा, वेढ्यांच्या मधली शिवण, वेढ्यांवरच्या उभ्या वळ्या, तोंडाची कड, तोंडाशेजारचा नाभीचा खळगा. एवढ्याशा अंगावर एवढं काम कुणी केलं असेल, असं मी मोठ्यानं म्हणाले. तुम्ही म्हणालात, "त्यानं स्वतःच. तू फक्त मोज."

दोन वर्षं आपण मोजत होतो. रंगवायच्या ब्रशाचे केस उपटून तुम्ही पाच-सहाच ठेवले होते. तो ओला करून एकेक शंख उचलायचा. किती वेढे, किती वळ्या, तोंड गोल की लांबट. एक जात तुमच्या विशेष आवडीची होती. तशी कुठल्याच ग्रंथात नव्हती. तिचे चाळीसेक शंख एका नळीत जमले होते, आणि तिच्यावरचा निबंध तुम्ही लिहून पाठवलाही होता. तो स्वीकारल्याचं पत्र आलं त्या दिवशी तुम्ही आपल्या दोघींसाठी भजी मागवली होती. बढतीची मुलाखत त्याच महिन्यात होती, आणि छापील काम हाताशी नाही म्हणून तुम्ही आधी दोनदा मागं राहिला होतात. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. प्रयोगशाळेतल्या मामांकडून मला कळलं होतं.

आणि त्याच पंधरवड्यात अम्मा आली. गल्लीत कुणीतरी तिच्या कानात घातलं होतं की शनिवारी दुपारी कॉलेज बंद असतं, मग पोरगी जाते कुठं? कारखान्यात विड्या देऊन ती तशीच बस पकडून आली, काखेत रिकामं सूप, पदराला तंबाखूचा वास. दारात उभी राहून तिनं आधी मला बघितलं, मग तुम्हाला, मग टेबलावरच्या ताटल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाई, ते मी आज कबूल करते. मला तिची लाज वाटली होती.

तुम्ही उठून उभ्या राहिलात. "या, अम्मा. बसा. तुमची मुलगी काय करते ते बघून जा."

अम्मा स्टुलाच्या कडेवर टेकली. तुम्ही तिला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलंत. पहिली पाच मिनिटं तिला स्वतःच्या पापण्यांशिवाय काही दिसलं नाही. मग ती एकदम मागं सरकली. "अगं बया! केवढं बारीक हाय की! ह्येच्या आत बी जीव असतोय?"

"असतो. तोंडात दातसुद्धा असतात."

"आन् तुमी करता काय ह्येचं?"

"कोण कुठल्या जातीचा ते ठरवतो."

अम्मा तुमच्याकडे वळली. "मानसांची जात काढून भागलं न्हाय व्हय, आता गोगलगाईची बी काढायला लागलासा?"

तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी तुम्हाला तसं हसताना त्याआधी कधीच बघितलं नव्हतं. अम्माही हसली, आणि मग तिला उठायची घाई राहिली नाही. मामा चहा आणायला गेले, तेवढ्यात वेळ जावा म्हणून तुम्ही त्या आवडत्या नळीतले शंख कागदावर ओतलेत आणि ब्रश तिच्या हातात दिलात. "सगळे एकाच जातीचे आहेत. फुटके तेवढे बाजूला काढा." अम्मानं सवयीनं ब्रश जिभेला लावला. "अहो, नको, त्याला स्पिरिट आहे!" तुम्ही ओरडलात. तिनं तोंड वाकडं केलं, पाण्यात ब्रश बुडवला आणि कामाला लागली. दिवसाला हजाराच्या आसपास विड्या वळणारी बोटं ती. एकही शंख निसटला नाही, एकही दबला नाही. माझ्या हातून आठवड्याला दोन तरी फुटायचे.

चहा आला तेव्हा कागदावर तीन ढीग होते.

"हे फुटके. आणि हे दोन वेगळे का केलेत?" तुम्ही विचारलंत.

"येगळेच हायत की."

"नाही हो, एकच आहेत. तोंड बघा, सारखंच आहे. वळ्या सारख्या."

"तोंड सारखं हाय, प्वॉट बी सारखं हाय," अम्मा म्हणाली. "शेंडी बघा की. ह्येची शेंडी मोठी हाय, फुगीर, गुळगुळीत, हरभऱ्यावानी. आन् ह्येची बारीक, टोकदार, आन् तिच्यावर जाळी हाय, पानाच्या शिरा असत्यात तशी. म्या तर बाई पान आधी टोकालाच बघते. टोक खराब तर पान वाया."

तुम्ही कप खाली ठेवलात आणि खुर्ची ओढलीत. मग किती वेळ गेला कोण जाणे. चहावर साय धरली. अम्मा माझ्या कानात तेलुगूत विचारत होती, माझं काही चुकलं का? तुम्ही एकेक शंख फिरवून, शेंडा वर करून, सगळ्यात मोठ्या भिंगाखाली बघत होतात. शेवटी मान वर केलीत आणि माझ्याशी बोललात, तिच्याशी नाही. "मी दोन वर्षं तोंड बघत बसले."

आज मी माझ्या मुलांना हे शिकवते तेव्हा बाळशंख हा शब्द फळ्यावर मोठा लिहिते. गोगलगाय आपलं पहिलं घर कधी टाकून देत नाही. अंड्यातून निघताना अंगावर जो इवलासा शंख असतो त्यालाच पुढचे वेढे जोडत जाते, आणि तो बाळपणीचा तुकडा आयुष्यभर शेंड्यावर राहतो. तो मोठा, गुळगुळीत आणि जेमतेम एक वेढ्याचा असेल, तर पिल्लू भरपूर पिवळ्या बलकाच्या अंड्यातून निघालं आणि तिथंच तळाशी वाढलं. बारीक, जाळीदार, तीन-चार वेढ्यांचा असेल, तर ते वर पाण्यात पोहत, खात, लांबवर वाहत गेलं आणि मग खाली येऊन टेकलं. खाली अंधारात दोघांचं राहणं एकसारखं, म्हणून मोठेपणीचे वेढेही एकसारखे होतात. फरक कळतो तो शेंड्यावर. हे पुस्तकात होतं, बाई, तुम्हाला पाठ होतं. फक्त आपल्या नळीत ते असेल असं आपल्याला वाटलं नव्हतं.

सोमवारी तुम्ही निबंध मागं घेत असल्याचं पत्र लिहिलंत. विभागप्रमुख तिथंच होते. "मॅडम, छापून येऊ द्या की. मुलाखत झाली की मग दुरुस्ती पाठवा. कोण बघणार आहे त्या शेंड्याकडं?" तुम्ही पाकिटाला डिंक लावत म्हणालात, "मी बघितलाय ना आता." आणि पाकीट माझ्या हातात दिलंत. रस्त्यापलीकडच्या टपालपेटीसमोर मी किती वेळ उभी होते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. फाडून टाकावं असं वाटत होतं. अम्मा आली नसती तर, हे मनातून जात नव्हतं. मग मला व्हरांड्यातलं तुमचं ते वाक्य आठवलं, रेघ चांगली आहे, नुसती खोटी आहे, आणि मी पाकीट आत सोडलं. बढती दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या शनिवारी तुम्ही नेहमीसारख्याच आलात, नळीवरची चिठ्ठी सोलून काढलीत, आणि दोन नव्या नळ्या मागवल्यात.

अम्मानं त्यानंतर मला शनिवारचं कधी विचारलं नाही. गल्लीतल्या बायकांना मात्र ती सांगायची, "समुद्राचं काम करती ती. सरकारी भिंगातनं." लग्नाचं बोलणं निघालं की म्हणायची, "तिचं शंख मोजून हुंदे आधी." मी एमएस्सी केलं, मग किनाऱ्यावरच्या त्या संस्थेत पुढच्या अभ्यासाला गेले. निघायच्या आधी तुम्ही चष्म्याच्या जुन्या घरात कापूस घालून त्या दोन नळ्या माझ्या हाती ठेवल्यात. "मला आता एवढं बारीक दिसत नाही," एवढंच म्हणालात. दीड वर्षानं तुम्ही गेल्याचं कळलं. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. मामा फाटकात उभे होते. 

सगळं जुळून यायला फार वर्षं लागली. नुसत्या रिकाम्या शंखांवर कुणी विश्वास ठेवेना. एकाच जातीत दोन तऱ्हेचे शेंडे असू शकतील, असं म्हणायचे. मी सोलापुरात शिकवायला परत आले, लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले. मग समुद्राच्या त्याच पट्ट्यातून नवा गाळ आला, आणि त्यात दोन्ही जातींचे शंख आतल्या जिवासकट मिळाले. त्यांच्या जिभेवरच्या दातांच्या ओळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघितल्या, आणि वाद मिटला. दोन जाती तर आहेतच, बाई, पण त्या एका कुळातल्यासुद्धा नाहीत. नुसत्या एकमेकींसारख्या दिसतात. ते चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेली विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, पडद्याचा उजेड फार आहे.

काल निबंध घेऊन कुंभारीला गेले. अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता पुन्हा स्वच्छ दिसतं. पानभर मोठं केलेलं शेंड्याचं चित्र तिनं हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं. "म्या तवाच सांगितलं हुतं की," ती म्हणाली. मी सांगितलं की तुझं नाव छापलंय, आणि नुसते आभार मानलेले नाहीत, एका जातीलाच तुझं नाव दिलंय, मागं लॅटिन शेपूट लावून. तिला आधी कळेना. मग ती हसत सुटली, खोकला येईपर्यंत. "गोगलगाईला? माझं? आन् दुसरीला?"

"बाईंचं."

ती चित्रावरून अंगठा फिरवत राहिली. "मग बरं केलंस," म्हणाली. "एका नळीत हुत्या दोगी."

तर एवढं कळवायचं होतं. मी सुखात आहे, बाई. डोळे अजून चांगले आहेत, हातून शंख क्वचितच फुटतो. तुमच्या घरी आता दुसरं कुणी राहतं, त्यामुळं हे पत्र माझ्याच खणात राहील. आणि ते तिथंच राहणार आहे म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. निबंधात मी लिहिलंय की कुठल्या जातीला कुणाचं नाव द्यायचं हे वर्णनाच्या क्रमानं ठरवलं. तसं काही नाही. दोघींची चित्रं शेजारी ठेवून मी दोन दिवस बघत होते. त्यातली जी जास्त देखणी होती ती मी अम्माला दिली. तुम्हाला उरलेली.