चार मोजेपर्यंत

१२ जाने., सोम. अमरावती
वानखडे सरांनी स्पर्धेसाठी सगळ्यांचे बोनाफाइड मागितले, तिथंच सगळं फिरलं. माझ्यापाशी आले तर म्हणतात, "तू राहू दे. तू टीसी काढली म्हणे."
दिवाळीनंतर काढली, कॉलेज सोडलं. तालमीला पूर्ण वेळ मिळावा म्हणून. आंतरमहाविद्यालयीन नाटकात कॉलेजचंच पोरगं लागतं, हे डोक्यातच नाही आलं.
टीसीचं फक्त रेवतीला माहीत होतं, नाटकातल्या माझ्या नायिकेला.
खुर्चीला लाथ घातली. अंगठा सुजला.

१३, मंगळ.
माझ्या जागी अंकित. बी.कॉम. फायनल. सर म्हणाले, "पाच दिवस हायेत. त्याले हालचाली तूच बसवून दे. अन् विंगेत प्रॉम्प्टिंगले, वाक्य सुचवायले, बी तूच बस."
हो म्हटलं. कावून म्हटलं? रेवती समोर उभी होती.

१४, बुध.
संक्रांत. तिनं तिळगूळ दिला. खाल्ला नाही, जॅकेटच्या खिशात टाकला.
तिसरा प्रवेश. नायिका कापसाच्या जिनिंगमधून घरी येते. मी तिच्या खांद्यावरचा कापूस काढायचो, मनात चार मोजायचो, मग वाक्य. हे संहितेत नाही. बडनेरा स्टेशनवर चहा पिता पिता आम्ही दोघांनी बसवलेलं.
मी अंकितला सांगायच्या आतच त्यानं कापूस काढला. थांबला. बरोबर चार.
"तुले कोणं सांगतलं बे?"
"रेवतीनं. दहा दिवस झाले, आमी तिच्या घरी करून राहिलो."
दहा दिवस. गेल्या रविवारी तर ती माझ्या गाडीवर... जाऊ दे.

१६, शुक्र.
रेवतीला जिन्यात गाठलं.
"मले आधी सांगता नाही आलं?"
"तू सरांशी भांडला असता. अन् लपवलं असतं तर सगळ्यांचंच नाटक बाद झालं असतं."
"मंग रविवारी माह्या गाडीवर कावून बसली?"
"थे येगळं हाय."
नाटकाचं तिचं खरं आहे. म्हणूनच जास्त पेटतं.
अंकित त्या चारनंतरचं वाक्य रोज विसरतो. सर म्हणतात, तिथं तू आहेसच.

१८, रवि. अकोला, स्पर्धा
पहिली घंटा. अंकितनं माझी बाही धरली. "भाऊ, चार झाले की वाक्य फेकजो."
रेवती सवयीनं पुढं आली, खांदा केला. मीच कापूस लावून दिला.
"तू विंगेत हायेस ना? मग मले टेन्शन नाही."
"आहे," म्हटलं.
दुसरी घंटा. संहिता स्टुलावर उघडून ठेवली, तिसरा प्रवेश. समासात 'इथं चार' लिहून ठेवावं म्हणून पेन्सिल टेकवली. ठिपका उमटला तेवढाच.
खिशात हात घातला तर तिळगुळाचा चुरा.
मागच्या दारानं बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.